तिसरा फोटो

'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. डावीकडे सैल शर्ट, पडलेला चेहरा, पिवळट उजेड. उजवीकडे तोच माणूस, पोट आत, मान ताठ, तोंडभर हसू, आणि उजेडही कसा कोण जाणे एकदम सुधारलेला. खाली आकडा : बारा आठवड्यांत चौदा किलो. मला या फोटोंचा राग येत नाही. त्या माणसानं कष्ट केलेले असतात आणि ते खरे असतात. पण हल्ली असा फोटो दिसला की माझी नजर उजव्या फोटोच्याही पलीकडे, मोकळ्या जागेवर जाते. तिथं तिसरा फोटो हवा असं वाटतं. पाच वर्षांनंतरचा.

तो नसतो. कारण बहुतेकदा तो पहिल्या फोटोसारखाच दिसला असता. अमेरिकेतल्या २९ दीर्घकालीन अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा दिसलं ते असं : उतरवलेल्या वजनातलं निम्म्याहून जास्त दोन वर्षांत परत आलं होतं आणि पाच वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त. म्हणजे दुसरा फोटो ही प्रवासाची अखेर नव्हतीच. तो मधल्या स्थानकावर काढलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की वजनाबद्दलची आपली सगळी सार्वजनिक चर्चा दुसऱ्या फोटोपाशी थांबते, आणि म्हणूनच ती फसते. वजन उतरवणं आणि उतरलेलं वजन राखणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दोन्हींची साधनं वेगळी, शत्रू वेगळे, लागणारा स्वभावसुद्धा वेगळा. पहिलं लग्नासारखं आहे, चार दिवसांची धामधूम आणि सगळ्यांचं लक्ष. दुसरा संसार आहे. आपल्याकडे लग्नाला पैसा, सल्ला, कौतुक सगळं मिळतं आणि संसाराच्या वेळी मंडप उठलेला असतो.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. माझ्याकडे एक चामडी पट्टा आहे. त्याला कारखान्यानं पाडलेली पाच भोकं आहेत आणि वेगवेगळ्या वर्षी मी तापवलेल्या खिळ्यानं पाडलेली तीन. दर वेळी भोक पाडताना मी विजयी वीर होतो. दर वेळी दीड-दोन वर्षांत 'ये रे माझ्या मागल्या'. आणि दर वेळी मी एकच निष्कर्ष काढला : माझ्यात दम नाही.

तो निष्कर्ष चुकीचा होता, हे समजायला मला फार वेळ लागला. त्याची सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करतो.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे कळावं म्हणून १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे स्वेच्छेनं आलेले, निरोगी, युद्धात बंदूक उचलायला तत्त्वानं नकार दिलेले. म्हणजे मनाच्या निग्रहात कोणालाही हार न जाणारे. त्यांना २४ आठवडे रोज साधारण १५७० कॅलरींचं अन्न दिलं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. हा आकडा जरा पुन्हा वाचा : १५७०. आजच्या कितीतरी आहारतक्त्यांमध्ये याहून कमी कॅलरी बिनदिक्कत लिहून दिलेल्या असतात.

त्या तरुणांचं पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. ताटल्या चाटू लागले. राजकारण, मुली, युद्ध यांतलं सगळं स्वारस्य उडालं आणि डोक्यात फक्त अन्न उरलं. प्रयोग संपून हवं तेवढं खायची मुभा मिळाली तेव्हा काही जण पोट तुडुंब भरूनही भूक लागल्याचं सांगत होते, आणि वजन परत येताना चरबी आधीपेक्षा जास्त साठली. यातला एकही मुळात जाड नव्हता, एकालाही खादाडीची सवय नव्हती. शरीराला घटलेलं वजन दुष्काळासारखं वाटतं आणि ते दुष्काळाचा बंदोबस्त करतं, एवढंच.

हा बंदोबस्त कशानं होतो, तेही पुढे उलगडत गेलं. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. ते चरबीच्या पेशींतूनच स्रवतं आणि कोठारात किती माल आहे याची खबर मेंदूला देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू भुकेची घंटा वाजवतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानं वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतर पुन्हा मोजली. ती तेव्हाही पूर्वपदावर आलेली नव्हती. घंटा वर्षभर वाजतच होती.

भुकेचा हा जोर किती असतो याचं मोजमाप अमेरिकेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फार हुशारीनं केलं. मधुमेहाचं एक औषध असं आहे की ते घेतल्यावर बरीच साखर लघवीवाटे निघून जाते. रोज काही शे कॅलरी गळतात, पण घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो डाएट करत नसतो, आरशात बघत नसतो, मनाशी काही ठरवत नसतो. अशा लोकांचं वजन वर्षभर पाहून हिशेब मांडला तेव्हा निघालं असं : कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक दिवसाला सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला रोज हजार कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात, असा याचा सरळ अर्थ. आणि नेमकं याच वेळी आपण त्याच्या पाठीवर थाप मारून 'झालं आता, सुटलास' म्हणतो.

'माझं चयापचय मंद आहे' अशी तक्रार लोक करतात त्यात तथ्य असतं, पण खरा मारेकरी भूक आहे. चयापचयाची चोरी छोटी, भुकेचा दरोडा मोठा.

आता हिशेबाचं. सात हजार सातशे कॅलरी म्हणजे एक किलो चरबी, हे गणित पाठ असलेले लोक खूप आहेत. रोज २४० कॅलरी कमी खाल्ल्या तर त्या गणितानं वर्षात अकरा किलो जायला हवेत आणि तीन वर्षांत चौतीस. असंच चालू ठेवलं तर काही वर्षांत माणूसच शिल्लक राहणार नाही, म्हणजे गणितात कुठेतरी खोट आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. हलक्या शरीराला चालायला, बसायला, झोपायलासुद्धा कमी ऊर्जा लागते. त्यामुळे रोजची तूट आपोआप लहान होत होत शून्यावर येते. हॉल यांच्याच मांडणीनुसार आहारात कायमस्वरूपी २४ कॅलरींची घट केली की शेवटी वजन साधारण एक किलोनं उतरतं. त्यातलं निम्मं वर्षभरात आणि जवळपास सगळं तीन वर्षांत. म्हणजे रोजच्या २४० कॅलरींचे एकूण दहा किलो. पहिल्या वर्षी पाच.

या गणितातला सगळ्यात जड शब्द 'कायमस्वरूपी' आहे. वजन थांबलं म्हणजे डाएट निकामी झालं असं नव्हे. वजन जिथं थांबलं तिथं ते राहावं यासाठीसुद्धा तेच, तेवढंच खाणं चालू ठेवावं लागतं. पण काटा हलेनासा झाला की माणसाला वाटतं आता उपयोग नाही. आणि तो नेमका त्या क्षणी सोडून देतो, जेव्हा त्याचं काम फळाला आलेलं असतं. हे त्याला कोणी आधी सांगितलेलंच नसतं. ज्यांनी त्याला आहारतक्ता दिला त्यांचा करार बारा आठवड्यांचा होता, तेराव्या आठवड्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

'मग कोणतं डाएट?' हा प्रश्न मी दोन मिनिटांत उरकणार आहे, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त भांडणं झालेली आहेत. २०१८ मध्ये ६०९ जणांवरच्या एका वर्षभराच्या चाचणीत निम्म्यांना कमी चरबीचा आणि निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार दिला. सरासरी वजन उतरलं ५.३ आणि ६ किलो. दोन्हींत म्हणण्याजोगा फरक नाही. पण दोन्ही गटांच्या आत एवढा पसारा होता की कोणी तीस किलो उतरवले तर कोणाचे दहा किलो वाढले. पंथ कोणता यापेक्षा तो त्या माणसाला पेलतो का, याला महत्त्व आहे. ज्या आहाराची कल्पना तुम्ही पुढच्या दहा वर्षांसाठी करू शकत नाही तो आहार बारा आठवडेसुद्धा करू नये, हे माझं मत. त्याला पुरावा म्हणून माझा पट्टा आहे.

एक गोष्ट मात्र पंथांच्या पलीकडची. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस जणांना महिनाभर दाखल करून ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे घरच्यासारखं साधं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, चरबी, तंतू आणि कॅलरी सारख्या होत्या आणि हवं तेवढं खायची मोकळीक होती. अतिप्रक्रियेच्या पंधरवड्यात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वजन जवळपास एका किलोनं वाढलं, साध्या अन्नाच्या पंधरवड्यात तेवढंच उतरलं. त्यांच्या निग्रहात या दोन पंधरवड्यांत काही फरक पडला होता का? समोरचं ताट बदललं होतं.

झोपेचंही असंच. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तोच कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्या दहा जणांची झोप साडेआठ तासांवरून साडेपाच तासांवर आणली, तेव्हा वजन उतरलं तेवढंच, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायू जास्त झिजले. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला जिमला जाणाऱ्यांसाठी ही माहिती इथं ठेवतो.

व्यायामाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथं आहे.

व्यायामानं वजन उतरतं, अशी आपली समजूत. सत्तर किलोचा माणूस तासभर भराभर चालला तर अडीचशे कॅलरींच्या आसपास खर्च होतो, आणि त्यातल्या सत्तर तो नुसता बसून राहिला असता तरी झाल्याच असत्या. परत येऊन गोड पेय प्यायलं की हिशेब बरोबर. 'स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल' असं सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम तेरा कॅलरी जाळतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करणाऱ्या, कंदमुळं गोळा करणाऱ्या समाजाचा ऊर्जाखर्च हर्मन पॉन्टझर यांनी मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर मैलोन्‌मैल चालणाऱ्या या माणसांचा एकूण खर्च, देहाचा आकार लक्षात घेता, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. शरीर एका खात्यातली उधळपट्टी दुसऱ्या खात्यात काटकसर करून भरून काढतं, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचून माझ्यासारख्या आळशी माणसाला किती आनंद झाला असेल! पण तो टिकला नाही. कारण हाच व्यायाम दुसऱ्या कामात, राखण्याच्या कामात, उलटा वागतो.

अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरच्या एका वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांत ४१ परत आले. विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च त्या वजनाच्या माणसाच्या मानानं दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता, तोही सहा वर्षांनंतर. या बातमीनं जगभर हाहाकार झाला. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फार कोणी वाचला नाही. त्या चौदांतल्या ज्यांनी वजन बऱ्यापैकी राखलं, त्यांनी शारीरिक हालचाल स्पर्धेआधीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढवलेली होती. ज्यांचं परत आलं त्यांची वाढ ३४ टक्के. खाण्यातली घट मात्र दोघांची जवळपास सारखीच. म्हणजे उतरवताना ताट निर्णायक आणि राखताना पाय.

रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून किमान वर्षभर राखलेल्यांनीच तिच्यात नाव घालायचं. पुढे हजारो जणांनी घातलं. ही माणसं स्वतःहून पुढे आलेली, त्यामुळे ती सगळ्यांचं प्रतिनिधित्व करत नाहीत, हे मान्य. पण जे जमलेलेच कमी, त्यांना विचारायचं नाही तर कोणाला? यांनी वजन उतरवलं नाना तऱ्हांनी. राखण्याच्या तऱ्हा मात्र आश्चर्यकारकरीत्या सारख्या : दिवसाला तासभराच्या आसपास हालचाल, बहुतांश चालणंच, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभं राहणं, आठवडाभर आणि सुटीच्या दिवशी फार वेगळं न खाणं. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात यांतल्या ८७ टक्के लोकांनी मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट राखलेली होती. आणि दोन वर्षं राखलं की पुढे घसरण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते, असंही त्या नोंदींत दिसतं. राखणं हळूहळू सोपं होत जातं. पण त्या पहिल्या दोन वर्षांत, जेव्हा सगळ्यात जास्त हात हवा असतो, तेव्हाच तो कोणी देत नाही.

(दहा हजार पावलांचा आकडा, जाता जाता सांगतो, कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा वाईट नाही, पण साडेआठ हजारांवर अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.)

व्यायामाची दुसरी बाजू वजनाच्या पलीकडची आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिने चढ-उतर करणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आणि झाला तरी सौम्य. पुढे त्यांनी दोघांच्या गणवेशाची मापंही तपासली, चालकांच्या पँटी कंबरेत मोठ्या निघाल्या. तेव्हा शंका आली की फरक जिन्यांचा की कंबरेचा? ही उकल बरीच वर्षं चालली आणि कंबर कितीही असो, हालचालीचा फायदा आपल्या जागी उभा राहिला. काटा हलला नाही तरी चालणं वाया जात नाही. हे वाक्य प्रत्येक वजनकाट्यावर छापायला हवं.

तर मग निरोगी वजन म्हणजे किती? इथंही दुसऱ्या फोटोनं घोळ केला आहे. त्यातल्या देहासारखा देह, असं त्याचं उत्तर. शास्त्राचं उत्तर बरंच नम्र आहे. उंचीच्या वर्गानं वजनाला भागायची रीत बेल्जियमच्या आदोल्फ केतले या गणितज्ञानं १८३० च्या दशकात काढली. ती 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी होती, कोणा एकाचं आरोग्य ठरवण्यासाठी नव्हे. तिला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये दिलं, पुन्हा त्याच अँसेल कीज यांनी. १९९८ मध्ये अमेरिकेनं जास्त वजनाची सीमा २७-२८ च्या आसपासवरून २५ वर आणली, आणि कोट्यवधी लोक रात्रीत 'जाड' झाले, कोणीही एक घास जास्त न खाता. आशियाई लोकांत कमी आकड्यालाच मधुमेहाचा धोका वाढतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ ला सावध व्हा असं सुचवलं. आकडा उपयोगी आहे, दारावरच्या घंटेसारखा. आत कोण आहे ते दार उघडून बघावं लागतं. कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर, दम किती लागतो.

आणि किती उतरवलं म्हणजे पुरे? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत ३२३४ लोक होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एका गटाला उद्दिष्ट दिलं : सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल करायची. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. सात टक्के म्हणजे नव्वद किलोच्या माणसाचे सहा-साडेसहा किलो. अशा माणसाचा फोटो कोणी छापणार नाही. शेजाऱ्यालाही कळणार नाही. पण त्याच्या स्वादुपिंडाला कळतं. दुसरीकडे, मधुमेह आधीच झालेल्या ५१४५ जणांवरची मोठी चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण वजन उतरूनही हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. झोपेत श्वास अडकणं कमी झालं, औषधं कमी लागली, चालणं-फिरणं सुधारलं. पण वजन उतरवलं की सगळं टळतं, असा दावा करणाऱ्यानं ही चाचणी वाचावी.

आता मुख्य आक्षेप. 'हे सगळं ठीक आहे, पण शेवटी तोंड ज्याचं त्याचं. संप्रेरकं, वातावरण वगैरे सांगून तुम्ही लोकांना पळवाट देता.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण मी स्वतःला वीस वर्षं तेच सांगत होतो.

त्याला माझं उत्तर असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १९९० नंतर जगातल्या प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून वाढला आणि किशोरवयीनांमधला चौपट झाला. २०२२ मध्ये दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. तीन दशकांत साऱ्या जगाच्या मनोनिग्रहाला वाळवी लागली, तीही श्रीमंत-गरीब, उत्तर-दक्षिण सगळीकडे एकाच वेळी, असं मानायचं का? की स्वस्त, चटकदार, अतिप्रक्रिया केलेलं अन्न हाताशी आलं आणि पायी जाण्याच्या वाटा नाहीशा झाल्या असं मानायचं? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून वजनावर अनुवंशाचा मोठा पगडा दिसतो, पण तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते अवतीभवतीचं. जबाबदारी माणसाची आहेच. फक्त तीन महिन्यांची जबाबदारी निग्रहावर निभावते आणि तीस वर्षांची सवयीवर. सवय ही एकट्याच्या हातातली गोष्ट नाही. ती घरातल्या ताटावर, कामाच्या वेळांवर, दारापुढच्या रस्त्यावर उभी असते.

आणि हे बदलता येतं. ब्रिटननं २०१६ मध्ये जाहीर केलं की शंभर मिलिलिटरमागे पाच ग्रॅमहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर लागेल. तो २०१८ च्या एप्रिलमध्ये लागू झाला तोवर कितीतरी कंपन्यांनी साखर आधीच उतरवली होती. पिणाऱ्यानं काहीच ठरवलं नव्हतं. चिलीनं २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले आणि तसं अन्न शाळांतून हद्दपार केलं. असे उपाय वजन झटकन उतरवत नाहीत, त्यांचा फोटो निघत नाही. पण जो माणूस कष्टानं उतरवलेलं वजन सांभाळत घरी चाललाय, त्याच्या वाटेतले खड्डे ते बुजवतात.

नवी औषधं आली, आता हा वादच संपला, असंही ऐकतो. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मधल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. आहार-व्यायामानं असं क्वचितच होतं, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ते घेण्यात कमीपणा मानू नये. पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. औषधानं भुकेची घंटा बंद केली होती, औषध गेलं आणि घंटा पुन्हा सुरू. तिसऱ्या फोटोचा प्रश्न तिथंही तसाच उभा आहे, फक्त महाग झालाय.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि जरा खडूसही. वजन उतरवून देणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत दोन वर्षांनंतरचा सरासरी आकडा छापणं सक्तीचं करा. बारा आठवड्यांचा आकडा खुशाल मोठ्या अक्षरांत छापा, पण त्याच्या शेजारी, त्याच आकारात, हाही. मला खात्री आहे की निम्म्या जाहिराती दुसऱ्या दिवशी गायब होतील. विमा आणि सरकारी योजना उतरवण्यासाठी पैसे देणार असतील तर त्यांनी तेवढेच राखण्यासाठीही द्यावेत : पुढची दोन वर्षं महिन्यातून एक भेट, कोणाशी तरी बोलणं, दोन किलो चढले तेव्हाच पकडणं, पंधरा चढल्यावर नव्हे. आणि डॉक्टरांनी, घरच्यांनी, कचेरीतल्या शहाण्यांनी परत चढलेल्या वजनावर टोमणे मारणं बंद करावं. टोमण्यानं वजन उतरत नाही. माणूस डॉक्टरकडे जायचा मात्र बंद होतो.

तो पट्टा अजून वापरतो. गेली चार वर्षं त्याचं एकच भोक चालू आहे, मधलं, ना सगळ्यात आतलं ना सगळ्यात बाहेरचं. रोज पन्नास मिनिटं चालतो, रविवारी सकाळी काट्यावर उभा राहतो, झोपेची वेळ पाळतो आणि त्याबद्दल कोणाशी बोलत नाही, कारण बोलण्यासारखं काही घडतच नाही. परवा एक जुना मित्र बऱ्याच महिन्यांनी भेटला. वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "काय रे, अजून चालतोस म्हणे रोज? काही फरक दिसत नाही तुझ्यात."

मी त्याला मनापासून 'थँक्यू' म्हणालो. तो जरा गोंधळला.